एक नंबरचं गाणं कुणी ठरवलं?

दिवाळीआधी घर आवरताना लोखंडी ट्रंकेच्या तळाशी व्हीएचएसची एक कॅसेट सापडली. पाठीवरच्या पट्टीवर चुलत्यांचं अक्षर होतं : ‘बारसं. पुढे गाणी.’ चुलते मुंबईत मस्जिद बंदरला माथाडी कामगार होते. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी घरांचं मागचं दार मुंबईच्या एखाद्या चाळीत उघडतं, तसं आमचंही. मंचरमधल्या एका फोटो स्टुडिओत अजून चालू व्हीसीआर आहे असं कळलं, म्हणून कॅसेट तिथे नेली. स्टुडिओवाल्यांनी आधी तिचं झाकण उघडून रिळावरची पांढरी बुरशी दाखवली, मऊ फडक्यानं रीळ दोनदा पुसून घेतलं आणि मग लावलं. बारसं दहा मिनिटांत संपलं. पडदा निळा झाला, खालच्या कडेला चित्र फाटल्यासारखं सरकलं आणि मध्येच एक कार्यक्रम सुरू झाला : ‘सुपरहिट मुकाबला’. बाबा सेहगलचं ते तालावर बोलणं, सहाव्या क्रमांकाचं गाणं, पाचवं, मग कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात, चौथं, तिसरं. तिसरं अर्ध्यावर आलं आणि रीळ संपलं.

दुकानात आम्ही चौघं होतो. त्यातल्या दोघांची माझी ओळखसुद्धा नव्हती, ते पासपोर्टचे फोटो काढायला आले होते. पण चौघांच्याही तोंडून एकच प्रश्न आला : त्या आठवड्यात एक नंबरला कोण होतं?

तीस वर्षांनंतर त्या क्रमांकानं कुणाचं काही बिघडत नाही. तरी तो हवासा वाटला. गाण्यांची क्रमवारी लावणारे हे जुने कार्यक्रम आज लोक शोधून शोधून का पाहतात, त्यातून नेमकं काय हाती लागतं आणि त्या क्रमवारीत आपल्यासारख्या तालुक्यांना कुठे जागा होती, हे तेव्हापासून मी तपासतो आहे.

सुरुवात रेडिओपासूनच करावी लागते. 1952 मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे मराठी गृहस्थ केंद्रात नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा त्यांचा आग्रह मोठा होता आणि सिनेमाच्या गाण्यांविषयी नाराजीही तितकीच. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली आणि देशभरचे कान तिकडे वळले. 1957 मध्ये विविध भारती सुरू करून आकाशवाणीला आपल्या श्रोत्यांची मनधरणी करावी लागली. गीतमालेनं मात्र आपली जागा सोडली नाही. सिलोनवर ती 1988 पर्यंत चालली, पुढे विविध भारतीवर आली. क्रमांकाला ‘पायदान’ हा शब्द तिनंच घरोघर पोहोचवला. रेकॉर्डविक्रीच्या दुकानांतले आकडे आणि ठिकठिकाणच्या श्रोता संघांची पसंती, अशा दोन्ही गोष्टी जमेस धरून ही पायदानं ठरत. रेकॉर्ड विकत घेण्याची ऐपत खेड्यात कितीजणांची होती? पण श्रोता संघ काढायला पोस्टकार्ड पुरत असे, आणि त्या पोस्टकार्डामुळे लहान गावाचाही आवाज कोलंबोपर्यंत जात होता. मोजणीची ही पद्धत आदर्श नव्हती. तरी पुढे दूरचित्रवाणीवर जे आलं त्यापेक्षा ती अधिक मोकळी होती, असं माझं मत झालं आहे.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं. पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुणे परिसरात चित्र दिसू लागलं. आमच्या भागात अँटेना सिंहगडाकडे तोंड करून लावत. एकजण कौलांवर चढून दांडा फिरवी, एकजण दारात उभा राहून आतली खबर वर पोहोचवी. तरीही पडद्यावर बऱ्याचदा मुंग्याच असत. याचं कारण पुढे मोठेपणी कळलं, आणि ते आमच्याच शिवारात उभं होतं. नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जी महाकाय रेडिओ दुर्बीण उभी राहिली, 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेनांची, तिच्यासाठी हा परिसर निवडण्यामागे एक कारण असं होतं की इथे माणसानं निर्माण केलेल्या रेडिओलहरींचा गोंगाट कमी होता आणि भोवतालच्या डोंगरांची आड मिळत होती. जे डोंगर आकाशगंगेचा आवाज ऐकायला सोयीचे ठरले, तेच गुरुवारचं ‘छायागीत’ अडवून धरत होते. भीमाशंकरच्या बाजूला, डिंभ्याच्या वरच्या आदिवासी वाड्यांवर तर टीव्हीपेक्षा ट्रान्झिस्टरचाच आधार जास्त होता.

‘छायागीत’ आणि बुधवारचं ‘चित्रहार’ यांत क्रमांक नव्हते. निर्मात्याच्या हातात जी गाणी येत ती लागत, आणि चांगलं गाणं शेवटी लागतं अशी आमची समजूत होती. मराठी गाण्यांसाठी अरुण काकतकरांचं ‘शब्दांच्या पलीकडले’ होतं. त्यात कवी, संगीतकार, गायक समोर बसलेले दिसत आणि गाण्याच्या जन्माची गोष्ट कळे. आज त्यातले जे तुकडे पाहायला मिळतात ते पाहताना वाटतं, क्रमवारीच्या भानगडीत न पडता गाण्याचा सन्मान करण्याची रीत मराठी दूरदर्शनला फार लवकर सापडली होती. पण लोकांना स्पर्धा हवी असते. आपल्या आवडीचं गाणं जिंकावं असं वाटणं ही साधी माणुसकीची गोष्ट आहे, तिला हलकं मानू नये.

ती स्पर्धा 1990 च्या दशकात आली. 1993 मध्ये दूरदर्शनची दुसरी वाहिनी ‘मेट्रो’ म्हणून नव्यानं उभी राहिली आणि ‘सुपरहिट मुकाबला’ घरोघर बोलला जाऊ लागला. 2 ऑक्टोबर 1992 ला सुरू झालेल्या झी टीव्हीवर ‘फिलिप्स टॉप टेन’ आला. सतीश कौशिक त्याचे सहलेखक आणि निवेदक. दोन गाण्यांच्या मध्ये प्रहसनं असत आणि त्यातली काही गाण्यांपेक्षा जास्त लक्षात राहिली. मग चॅनेल व्ही, एमटीव्ही. मेट्रो ही नावाप्रमाणे शहरांची वाहिनी होती. मुंबईत साध्या अँटेनावर ती दिसे, आमच्या गावात नाही. म्हणून तर चुलते कॅसेट भरून आणत. जत्रेला येताना पिशवीत नारळ, खोबरं, मुलांचे कपडे आणि एखादी कॅसेट. सत्यनारायणाच्या रात्री भाड्याचा रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर यायचा, ‘आज व्हिडिओ आहे’ अशी हाळी वाडीवर जायची, आणि तीन सिनेमांच्या मधल्या वेळात ही क्रमवारी लागायची. कुठल्यातरी जुन्या आठवड्याची, पण आमच्यासाठी त्याच रात्रीची. थोडक्यात, आम्ही हा कार्यक्रम पहिल्यांदा पाहिला तेव्हाही तो पुन्हा पाहणंच होतं.

आता मूळ प्रश्न. क्रमांक कसा ठरे? ‘सुपरहिट मुकाबला’चा माझ्याकडचा तुकडा मी पाच वेळा पाहिला. त्यात क्रमांक वर गेल्याचा, खाली आल्याचा जल्लोष आहे, पण मोजणी कुणाची आणि कुठली, याचा अवाक्षरानंही उल्लेख नाही. त्या काळचे जे इतर भाग आज कुठे कुठे पाहायला मिळतात, त्यांतही हेच. गाण्याची दृश्यं कॅसेट कंपन्यांकडून आणि निर्मात्यांकडून येत, कारण ती त्यांच्या सिनेमाची जाहिरातही असे. जे गाणं अजून सिनेमागृहात आलेलंही नाही ते यादीत चढलेलं दिसतं, तेव्हा क्रमवारी आवड मोजत होती की आवड घडवत होती, हा प्रश्न विचारावाच लागतो. माझं उत्तर असं की दोन्ही, पण दुसरं अधिक. एवढं ओळखून पाहिलं तर हे कार्यक्रम अधिकच मोलाचे ठरतात. लोकांना काय आवडत होतं याचा तो पुरावा नाही. लोकांना काय आवडावं असं कुणाला वाटत होतं, याचा मात्र तो पक्का पुरावा आहे.

आणि आवड मोजणारी दुसरी जागा आमच्याकडे होती. नारायणगावला. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी आणि जत्रा समितीची माणसं येतात, राहुटीत बसतात, तारीख आणि सुपारी ठरवतात. भाऊ-बापू मांग नारायणगावकरांचं हे गाव. विठाबाईंचं गाव. 1957 आणि 1990 मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई 2002 च्या जानेवारीत गेल्या. आज राज्य सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं देतं. मंगला बनसोडे ही त्यांचीच लेक. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गवळण आणि वग यांच्या जोडीला ‘रंगबाजी’ नावाचा भाग असतो, आणि त्यात गाजत असलेली सिनेमाची गाणी नाचगाण्यासह सादर होतात. जाणकार नाक मुरडतात, वगाचा वेळ रंगबाजीनं खाल्ला म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. वग आटला हे तमाशाचं मोठं नुकसान आहे. पण रंगबाजीकडे मी गेली काही वर्षं दुसऱ्या डोळ्यांनी पाहतो. कनातीच्या आत हजारो माणसं बसलेली असतात. कुठल्या गाण्याला शिट्ट्या, कुठल्याला फेटे उडतात, कुठलं गाणं पुन्हा म्हणायला लावतात, कुठल्याला माणसं चहाला उठतात, हे फडमालक रोज रात्री डोळ्यांनी मोजतो आणि दुसऱ्या गावी यादी बदलतो. नाही चाललं की गाणं दोन मुक्कामांत गळतं. तिकीट काढून आलेल्या माणसांनी, समोरासमोर, रोज केलेली ही मोजणी आहे. मुंबईच्या कुठल्याही वाहिनीकडे खेड्याच्या आवडीचा इतका खरा आकडा कधी नव्हता.

ही मोजणी कुणी लिहून ठेवली नाही. फडाच्या वहीत सुपारीची रक्कम असते, गावाचं नाव असतं, गाण्यांची यादी नसते. असती तर 1970 पासूनच्या उत्तर पुणे जिल्ह्याच्या आवडीचा इतिहास आज हातात असता. असं काही नोंदवायला हवं असं त्या वेळी कुणाला वाटलं नाही, आणि त्यात फडांचा काही दोष नाही. त्यांना दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावी तंबू ठोकायचा होता.

मराठी गाण्यांची क्रमवारी दूरचित्रवाणीवर फारशी रुजली नाही. 1998 मध्ये मिलिंद इंगळे आणि सौमित्र यांचा ‘गारवा’ आला, 2002 मध्ये वैशाली सामंतचं ‘ऐका दाजीबा’ आलं. दोन्ही चित्रफितींमुळे घरोघर पोहोचले, पण ही गाणी आठवड्याला चढत-उतरत दाखवणारा, सगळ्यांनी वाट पाहावी असा मराठी कार्यक्रम मला आठवत नाही. फक्त मराठी गाण्यांची वाहिनी, ‘नाइन एक्स झकास’, यायला 2011 उजाडलं. तोवर ‘नटरंग’ येऊन गेला होता. तमाशावरचा सिनेमा, आणि त्याचं संगीत देणारे अजय-अतुल गोगावले हे महसूल खात्यातल्या वडिलांच्या बदल्यांमुळे शिरूर, जुन्नर, घोडेगाव अशा गावांत वाढलेले. त्यांची गाणी ऐकताना मला आमच्या भागातल्या जत्रा, हलगी, बँडपथकं आणि बैलगाड्याच्या घाटावरचे कर्णे ऐकू येतात. हे माझं ऐकणं आहे, कुणाला पटेल, कुणाला नाही. पण 2016 च्या ‘सैराट’मधल्या गाण्यांसाठी लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण झालं आणि त्याच सिनेमाच्या ‘झिंगाट’वर जुन्नरच्या लग्नांत वऱ्हाड नाचलं, हे सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या प्रदेशाची पसंती कुठल्या यादीत मोजली गेली नाही, त्याच प्रदेशात वाढलेल्या दोघांनी पुढे याद्याच आपल्याकडे ओढून घेतल्या.

हल्ली क्रमवारी फोनवर असते आणि ती क्षणाक्षणाला बदलते. 2024 मध्ये ‘गुलाबी साडी’ गाजलं ते कुठल्या निवेदकानं क्रमांक जाहीर केला म्हणून नाही. हे मोजमाप अधिक खरं आहे, कारण ओतूरच्या पोरीनं लावलेलं गाणंही त्यात एक म्हणून धरलं जातं. पण ते पुन्हा पाहता येणार नाही. परवाची यादी आज पुसलेली असते. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, कुणी बोललेलं नाही, मध्ये जाहिरात नाही.

जुन्या भागांत नेमकं हेच सापडतं. गाणी आज कुठेही मिळतात, स्वच्छ, रंग उजळलेली. त्यासाठी बुरशी पुसत बसण्याची गरज नाही. त्या कॅसेटमध्ये मला जे मिळालं ते गाण्यांच्या मधलं होतं : निवेदकाचे ढगळ कपडे, हिंदी-इंग्रजीची तेव्हा नवी वाटणारी भेळ, पावडरीच्या जाहिरातीतल्या बाईची साडी, पाचव्या आणि चौथ्या गाण्याच्या मध्ये चुलत्यांच्या खोलीतून आलेला कुकरच्या शिट्टीचा आवाज. तो टीव्हीतून आला नव्हता. मुद्रण चालू असताना कॅमेऱ्यानं तो पकडला होता, कारण त्यांच्याकडे व्हीसीआर नव्हता, बारशासाठी भाड्यानं आणलेला कॅमेराच त्यांनी टीव्हीसमोर धरला होता. चित्र हलत होतं ते त्यांचा हात दुखत होता म्हणून. हे ध्यानात आलं तेव्हा स्टुडिओत मी बराच वेळ काही बोललो नाही.

जगात इतरत्र हे मधलं जपण्याचं काम संस्थांनी उशिरा का होईना केलं आहे. बीबीसीचा ‘टॉप ऑफ द पॉप्स’ 1 जानेवारी 1964 ला सुरू झाला आणि 30 जुलै 2006 पर्यंत दर आठवड्याला चालला. पहिल्या दहा-बारा वर्षांतले बहुतेक भाग त्यांनीच पुसले, टेप महाग होती आणि पुन्हा वापरायची होती. 2011 पासून ‘बीबीसी फोर’ वाहिनीनं 1976 सालापासूनचे भाग क्रमानं दाखवायला घेतले. पुढच्याच वर्षी निवेदक जिमी सॅव्हिलवरचे लैंगिक अत्याचाराचे आरोप त्याच्या मृत्यूनंतर बाहेर आले आणि त्यानं सादर केलेले भाग वगळावे लागले. जुनं पुन्हा दाखवायचं तर असेही निर्णय घ्यावे लागतात. आपल्या जुन्या क्रमवारींतही आज पाहवणार नाहीत अशी प्रहसनं आहेत : काळ्या रंगावरचे विनोद, दक्षिणी हेल काढून केलेली टिंगल, बायकी पुरुषाची थट्टा. माझ्या मते गुन्ह्याचा प्रश्न असेल तिथे वगळावं. बाकीचं कापू नये, आधी दोन ओळींची सूचना देऊन जसंच्या तसं दाखवावं. आपण कशावर हसत होतो हे मुलांना कळलं पाहिजे.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शननं ‘डीडी रेट्रो’ वाहिनी काढली, जुन्या मालिका परत आल्या, घराघरांत पाहिल्या गेल्या. गाण्यांच्या कार्यक्रमाला ही वाट सोपी नाही. एका भागात दहा गाणी, प्रत्येकाचे हक्क वेगळ्या कंपनीकडे, आणि त्या कंपन्यांचेही मालक तीस वर्षांत बदललेले. कुणी हौशी माणसानं घरचा भाग यूट्यूबवर टाकला तरी हक्क तपासणारी यंत्रणा गाणं ओळखते आणि आवाज बंद करते किंवा भागच काढून टाकते. गाणं वाचतं, कार्यक्रम जातो. यावर तोडगा निघू शकतो. संशोधनासाठी, ग्रंथालयात बसून पाहण्यासाठी असे भाग एकत्र ठेवले, बाहेर प्रसारित केले नाहीत, तर कुठल्या कंपनीचं काय नुकसान होणार? प्रसार भारतीच्या संग्रहानं, खासगी वाहिन्यांनी आणि विद्यापीठांच्या माध्यम विभागांनी हे मनावर घ्यावं. तमाशा फडांच्या रंगबाजीच्या याद्याही, म्हातारे फडमालक आणि ढोलकीवाले हयात आहेत तोवर, त्यांच्याकडून लिहून घ्याव्यात. नारायणगावच्या राहुट्यांत पाडव्याला एक वही घेऊन बसलं तरी सुरुवात होईल.

संस्था करतील तेव्हा करतील. व्हीएचएसचं रीळ मात्र थांबत नाही. जुन्नर, नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव, इथल्या कितीतरी घरांत मुंबईहून आलेल्या कॅसेट अजून ट्रंकेत, माळ्यावर, गोदरेजच्या कपाटाच्या वरच्या फळीवर पडून असतील. पट्टीवर ‘लग्न’, ‘बारसं’, ‘जत्रा’ लिहिलेलं असेल, पण पुढे काय आहे ते कुणी पाहिलेलं नसेल. त्या फेकू नका. भंगारवाला किलोवर घेतो, देऊ नका. काढा, कोरड्या जागी उभ्या ठेवा, उन्हात तापवू नका. बुरशी दिसली तर घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, त्यानं रीळही जातं आणि यंत्रही. चालू यंत्र असलेला फोटो स्टुडिओ गाठा, पेनड्राइव्हवर उतरवून घ्या आणि मूळ कॅसेटही ठेवा. पट्टीवर साल, गाव आणि मुद्रण कुणी केलं त्याचं नाव लिहा. आणि बारसं संपलं म्हणून बंद करू नका, शेवटपर्यंत चालू द्या.